फळ्याची उजवी बाजू

माझी रोजची वही तशी देवाची. तिथी, उपास, नैवेद्याला काय केलं, कीर्तनात बुवा काय बोलले, एवढंच तिच्यात असतं. तिच्यात उज्वलाबद्दल पानंच्या पानं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण गेलं वर्षभर हरिपाठ म्हणतानासुद्धा ही बाई माझ्या डोक्यातून हलत नाही. तेव्हा म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, म्हणजे देवासमोर तरी मन मोकळं राहील.

उज्वला म्हणजे वरच्या वाडीतल्या धुळाजीची सून. त्यांची शेरडं-मेंढरं. नवरा मल्हार पिरंगुटला कंपनीत पाळीनं कामाला. ही सकाळी शहरातल्या मेधाताईंच्या बंगल्यावर झाडलोट करते आणि तिथून सुटली की शेरडं घेऊन रानात. दिसायला चारचौघींसारखी. पण आवाज असा की ती ओढ्याच्या पलीकडं शेळीला हाक मारते आणि आमच्या गोठ्यातली म्हैस मान वर करते. हसताना तोंडावर पदर धरत नाही. देवळात आली तर घंटा दोनदा वाजवते. मी एकदा म्हटलं, "अगं, एकदा वाजवली तरी देवाला ऐकू जातं." तर म्हणते कशी, "काकी, पैली देवाला, दुसरी आपल्याला. आपुन आलोय हे आपल्याला बी कळाया नगं व्हय?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. त्या दिवसापासून मला ती खुपायला लागली.

तिचं माहेर महाळुंगं. तिथं आता सगळ्या इमारतीच झाल्यात. म्हणजे ही काही रानात वाढलेली नाही. बारावी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला शेळीची धारही काढता येत नव्हती, हे तिच्या सासूनं, तानूबाईनं, मला स्वतः सांगितलंय. मग हिला शब्दकोड्यांचा नाद कुठून लागला? तर मेधाताईंच्या रद्दीतून. शनिवार-रविवारी त्या बंगल्यावर येतात, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवतात आणि टाकून देतात. हिनं ते पेपर घरी मांडणीवर अंथरायला म्हणून नेले आणि भांडी लावता लावता राहिलेली घरं भरायला लागली. सगळी कोडी संपली. मग म्हणाली, आता आपणच करू.

तिची करायची तऱ्हा मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. आमच्या भाताच्या खाचराच्या बांधावर बसली होती. समोर धुळीत काठीनं चौकोन आखलेले. ज्या घरात अक्षर यायचं नाही, जे घर काळं करायचं, तिथं तिनं काय ठेवावं? शेरडांच्या लेंड्या! एका घरात एक, अगदी मापात.

"शी! हे काय गं?" मी म्हटलं.

"काळं घर हाय काकी. खडा ठेवला तर दिसत न्हाई. ह्या बगा कशा उठून दिसतात!"

"आणि वाऱ्यानं उडाल्या म्हणजे?"

"नवीन येतात की. कारखाना मागंच चरतोय."

मी नाक मुरडून घरी आले. पण येता येता तिनं विचारलेला एक आडवा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. पावसात बाया डोक्यावरून पाठीवर घेतात ते, पानांचं, तीन अक्षरी. मला ते चटकन सुटलं. इरलं. माझ्या सासूबाई इरलं घेऊनच लावणीला जायच्या. सुटलं म्हणून बरं वाटलं आणि तिच्या कोड्यानं बरं वाटलं म्हणून राग आला.

आता फळ्याचं सांगते. भैरवनाथाच्या देवळाबाहेर पाराशेजारी एक मोठा काळा फळा आहे. लग्न होऊन आल्यावर दोन-चार वर्षांत तो माझ्याकडं आला. पूजा आटोपली की मी खडू घेऊन जायचे, वरती वार आणि तिथी लिहायचे आणि खाली एक चांगला विचार. अक्षर माझं वळणदार आहे, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. नवीन सुनांना सासवा सांगायच्या, "त्या फळ्यावरचं वाचून येत जा." मला शेतात, बाजारात, ग्रामपंचायतीत कोणी काही विचारत नाही. पण त्या फळ्यावर माझ्याशिवाय कोणी रेघ ओढत नव्हतं.

गेल्या श्रावणात उज्वला आमच्या चुलत सासऱ्यांकडं गेली. हैबतराव मामंजी देवस्थानचे अध्यक्ष. म्हणाली, "आबा, फळ्याची उजवी बाजू रिकामीच असतीया. आयतवारी मी कोडं घालू का? गावाकडच्या जुन्या वस्तू, झाडं, शेतीची कामं. पोरांना काय म्हायतीच न्हाई."

मामंजींना पोरांचं नाव काढलं की कोणीही वळवून घेतं. म्हणाले, "घाल की! आमची सूनबाई काय म्हणायची न्हाई."

सूनबाईला कोणी विचारलंच नाही.

पहिल्या रविवारी मला वाटलं, दोन पोरं येतील, तीन खडू मोडतील आणि संपेल. आरती झाली आणि बघते तर फळ्यापुढं ही गर्दी! तिनं चौकोन आखून काळी घरं कोळशानं भरलेली, एवढी अक्कल ठेवली होती. बाजूला प्रश्न. 'धान्य साठवायची बांबूची, शेणानं सारवलेली.' 'तीन-तीन पानं, लाल फुलं, पत्रावळीला उपयोगी.' 'पानं गळून गेल्यावर पिवळी झुंबरं लागतात.' ज्याला येईल त्यानं पुढं होऊन अक्षरं भरायची. कुशाबा म्हातारबाबांना लिहिता येत नाही, ते लांबूनच ओरडले, "कणगी! आरं कणगी लिव! माझ्या बापानं स्वतः इनल्याली." पोरींनी पळस भरला, बहावा भरला. कंपनीतून रात्रपाळी करून आलेले पोरगे डबे हातात घेऊन उभे. कोणी म्हणालं, "उज्वलावैनी, एखादं क्रिकेटचं टाका की!" तर ही म्हणते, "क्रिकेटचं तुझी बायकू टाकंल, तू आदी बायकू आण."

हशा झाला. आणि डाव्या बाजूला मी लिहिलेला सुविचार तसाच होता. त्याच्यापुढं एक जण पाठ टेकून उभा होता. सगळा खडू त्याच्या शर्टाला लागला.

मी काही वाईट मनाची बाई नाही. मी भैरवनाथाला रोज सांगायचे, देवा, माझ्या मनातलं हे काढ. पण डोळे मिटले की तो पाठ टेकलेला माणूस दिसायचा. मग दिवाळीनंतर मामंजींनी आणखी एक केलं. म्हणाले, "सूनबाई, आयतवारी सगळाच फळा उज्वलाला देऊ. जागा पुरंना तिला. तुमचा इचार त्या छोट्या पाटीवर लिवा, ती चपला काढायच्या जागी हाय ती."

मी "बरं" म्हटलं. घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला. आमचे हे विचारतात, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. देवाचं वचन चपलांत गेलं." ह्यांना काही कळलं नाही. त्यांना फळ्यातलं काही कळत नाही.

तिला गावात नाव मिळालं. आधी ती मल्हारची बायको होती, नाही तर धुळाजीची सून. आता बाजारात गेली की भाजीवाला म्हणायचा, "कोडंवाली उज्वला आली." तानूबाईसुद्धा आपल्या सुनेबद्दल सांगताना मान ताठ करायची. तीच तानूबाई, जी धार काढता येत नाही म्हणून माझ्याकडं रडून गेली होती. आणि उज्वलाला ते नाव फार आवडलं होतं. मला एकदा म्हणाली, "काकी, माज्या माहेरी मला कुणी नावानं वळखत न्हाई आता. जुनी माणसं गेली, इमारतीतली वळखत न्हाईत. हितं वळखतात. लई बरं वाटतं."

मी म्हटलं, "देवाची कृपा." मनात म्हटलं, माझ्या फळ्याची कृपा.

मग माघात ते कोडं आलं. आडवा शब्द होता रान, 'शेरडं चरतात तिथं'. आणि त्याच्या न वर संपणारा उभा शब्द, दोन अक्षरी, 'मगरीच्या पाठीसारखी साल, उन्हाळ्याच्या तोंडी सगळी पानं गाळतो.' पोरं अडली. मी मागं उभी होते. मला उत्तर लगेच कळलं, ऐन. मगरीसारखी साल दुसऱ्या कुणाची? पण पुढचं वाचलं आणि माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. खोटं कशाला सांगू?

"हे चुकलंय," मी मोठ्यांदा म्हटलं.

सगळे वळले. किती महिन्यांनी सगळे माझ्याकडं वळले.

"काय चुकलं काकी?" उज्वला पुढं आली.

"ऐन पानं गाळत नाही. पळस गाळतो, सावर गाळते, बहावा गाळतो. ऐनाची पानं गळलेली मी ह्या जन्मात बघितली नाहीत. आमच्या बांधावरच ऐन आहे, आजेसासऱ्यांनी राखलेला. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते."

"पुस्तकात तसंच हाय," ती म्हणाली. "मेधाताईंच्या घरी झाडांचं पुस्तक हाय. त्यात लिवलंय, पानझडी."

"पुस्तकात! आणि तू स्वतः बघितलंस?"

तिनं बघितलेलं नव्हतं. महाळुंग्यात कुठला आलाय ऐन?

"कुशाबा, तुम्ही सांगा," मी म्हटलं.

कुशाबांनी काठीवर हनुवटी टेकली, विचार केला. "न्हाय बा. ऐनाचं पान पडल्यालं मी बी न्हाई बघितलं. आमच्या वावरात चार ऐन व्हतं."

आणखी दोघं-तिघं तेच म्हणाले. ज्याच्या ज्याच्या शेतात ऐन होता, तो तो म्हणाला, नाही, ऐन काही पानं गाळत नाही. मेधाताईंच्या पुस्तकापेक्षा सगळ्या गावाचे डोळे खरे. मामंजींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "उज्वला, देवाच्या दारात चुकीचं लिवाया नगं. पोरं तेच शिकत्यात. काही दिस ऱ्हाऊ दे कोडं."

तिनं ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसला. माझ्या हातात खडू दिला. जाताना मागून कुणी तरी ओरडलं, "ऐनवाली! घंटा दोनदा वाजीव की!" आणि पोरं हसली. पुढं ते नावच पडलं. बाजारात कोडंवाली गेली आणि ऐनवाली आली. तिनं देवळाकडं यायचं सोडलं. मेधाताईंकडं जायची ती मागच्या वाटेनं.

सगळा फळा मला परत मिळाला. मी रोज जाऊन वळणदार अक्षरात लिहायचे. रविवारी गर्दी होत नव्हती. पोरं फळ्यापाशी यायची, बघायची, "आज न्हाय व्हय?" म्हणायची आणि जायची. माझं अक्षर तेच, विचार तेच, पण फळ्यापुढं उभं राहून वाचणारं कुणी नाही. मला वाटायचं, ही बाई इथं नाही तरी हिची जागा इथं आहे. म्हणजे पुसूनसुद्धा पुसली नाही.

पाडव्याच्या आधी गुढीला कडुनिंबाचा डहाळा बघून ठेवावा म्हणून मी खालच्या खाचरांकडं गेले. त्या बाजूला बरेच दिवस गेले नव्हते. जाऊन काय करायचं? भात आम्ही आता लावत नाही. गेल्या पावसातलं ते शेवटचं. दोन खाचरं आमच्या ह्यांनी बंगल्यांना दिली, उरली त्यात गवत. वळणावरून खाली उतरले आणि पाय थबकला.

बांधावरचा आमचा ऐन उघडा उभा होता. एक पान नाही. त्याच्या काळ्या सालीवर ऊन पडलेलं आणि खाली बांधभर, वाटेवर, ओढ्याच्या उतारावर जाड जाड तांबूस पानं. पाय ठेवला की कुरकुर वाजत होती. वाटलं, झाड मेलं. बंगलेवाल्यांनी मुळाशी काही ओतलं. मी खोडाला हात लावला, नखानं साल खरवडली. आत ओलं होतं. वर बघितलं तर फांदीच्या टोकांना बारीक कोंब.

"मेल्यालं न्हाई काकी."

उज्वला ओढ्याच्या बाजूला बसली होती. शेरडं पडलेली पानं चघळत होती. तिच्यापुढं धुळीत चौकोन आखलेले होते आणि काळ्या घरांत त्या तिच्या लेंड्या.

"चार-पाच दिस झालं पडायला लागून," ती म्हणाली. "पैल्यांदा मला बी वाटलं, कीड लागली. मग रोज येऊन बसले."

मी खाली बसले. एकदम डोळ्यांपुढं आलं सगळं. दर वर्षी थंडी सरायच्या आत आमचा गडी कोयता घेऊन ऐनावर चढायचा. हिरवा टहाळ तोडायचा. भाताचं रोप टाकायच्या जागी तो पसरायचा, वर शेण-माती, आणि उन्हाळ्यात राब भाजायचा. माझ्या सासूबाई करायच्या, त्यांच्या सासूबाई करायच्या. कुशाबांच्या वावरातले चार ऐन तसेच. साऱ्या गावाचे ऐन तसेच. पानं पडायच्या आधी आम्हीच ती उतरवत होतो. झाडाला गाळायला कधी सवडच दिली नाही आणि म्हणत होतो की ते गाळत नाही. यंदा राब नव्हता, म्हणून कोयता नव्हता.

"तू गावात सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगून? ऐनवाली म्हणतात मला. म्हणतील, पानं तिनंच पाडली काठीनं." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "झाड तुमचं हाय. तुमी सांगितलं तर ऐकतील. न्हाई सांगितलं तर ऱ्हायलं. महिन्याभरात पालवी फुटंल, मग कुणाला दिसतंय?"

मला काय वाटलं ते लिहिते. मला वाईट वाटलं नाही, आधी नाही. आधी मला हेच वाटलं, की माझ्या बांधावरचं झाड, माझ्या आजेसासऱ्यांनी राखलेलं, आणि त्याची पानं पहिल्यांदा पडताना बघितली ती हिनं. चार-पाच दिवस. रोज येऊन बसून. ह्या गावात कुणी कधी न बघितलेली गोष्ट, आणि तीही हिच्याच पदरात. मी उठले, पदराला लागलेली पानं झटकली आणि "बघते" म्हणून निघाले. कडुनिंब बघायचा राहूनच गेला.

घरी देवासमोर बसले. वाटलं, गप्प राहावं. महिन्याभरात पालवी फुटेल. फळा आपला राहील. पण देवाला फूल वाहायला हात पुढं केला तर बोटांना त्या सालीचा वास. दोनदा हात धुतले तरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नेहमीसारखी फळ्याशी गेले. वार लिहिला, तिथी लिहिली. मग खाली दोन चौकोन आखले, उभे, एकावर एक. त्यात लिहिलं, ऐन. आणि खाली वळणदार अक्षरात, 'आमच्या बांधावर पानं गळली आहेत. जाऊन बघून या.'

मामंजी आरतीला आले. चष्मा वर केला. "सूनबाई, हा कसला इचार?"

"मामंजी, कोडं बरोबर होतं."

"म्हंजी?"

"म्हणजे उज्वला बरोबर होती आणि आम्ही सगळे चुकलो. राब केला नाही म्हणून दिसलं."

त्यांनी चष्मा खाली केला, फळा पुन्हा वाचला. मग तेच पुढं झाले आणि अख्खं गाव त्यांच्या मागून बांधावर. कुशाबांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी वाकून एक पान उचललं, नाकाशी धरलं, उलटं-पालटं केलं. "आयला," म्हणाले, "जन्मभर ह्याच्या डोक्यावर कोयता मारला आन म्हणत व्हतो ह्याला टक्कल पडत न्हाई." सगळे हसले. उज्वला ओढ्यापलीकडं शेरडांत उभी होती. कुणी तरी हाक मारली, "ए कोडंवाली! ये की हिकडं!" तेव्हा ती आली. त्या दिवशी आरतीला तिनं घंटा दोनदा वाजवली. मी काही बोलले नाही.

फळ्याची उजवी बाजू आता परत तिची. सगळा फळा नाही, एवढं मी मामंजींकडून कबूल करून घेतलं. मधली रेघ मी पट्टीनं मारते. उज्वला ती दर रविवारी बोटभर माझ्याकडं सरकवते. मी सोमवारी मागं नेते. आमच्यात ह्याच्यावर एक शब्द झालेला नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. परवा वाटेत एक गाडी थांबली. बंगला शोधत होती. काचेतून बाईनं पत्ता विचारला. मी म्हटलं, "पुढं आमच्या शेताचा बांध लागेल, तिथून डावीकडं." तिला काही कळेना. "कुठला बांध?" म्हणाली. "मोठं झाड आहे, आमचं, तिथून," मी म्हटलं. तरी कळेना. मागून सायकलवरून येणारा पोरगा थांबला आणि म्हणाला, "उज्वलाच्या ऐनापासून डावीकडं, मॅडम." बाई म्हणाली, "अच्छा, तसंच सांगितलं होतं," आणि गाडी गेली.

आमच्या आजेसासऱ्यांनी राखलेलं झाड. आमच्या बांधावरचं. त्याची पानं गळली ही गोष्ट गावाला मी सांगितली, फळ्यावर, माझ्या अक्षरात.

काल आणखी एकानं पत्ता विचारला. उन्हात त्याला किती उभं करायचं? मी भैरवनाथाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "उज्वलाच्या ऐनापासून डावीकडं."

त्याला लगेच कळलं.